शरयूने सामान बांधलं नव्हतं

"शरयूसान!"

तोफूच्या दुकानातली बाई ओल्या हातांनीच बाहेर धावत आली. मी गाडीत बसले होते, काच खाली होती, त्यामुळे हाक मला स्वच्छ ऐकू आली.

आता बघा. सकाळी ओसाकाहून निघताना हीच शरयू मला म्हणाली होती, "कुमे, त्या बाजूला मीही कधी गेले नाही गं. चल, दोघी मिळून बघू." आणि इथे डोंगरातल्या कुठल्याशा गावात, जिथे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, तिथली दुकानदारीण हिला नावाने ओळखत होती. हिने काही मागायच्या आत तिने पुडकं बांधून हातात दिलं. दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मध्येच त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, एप्रनला हात पुसले आणि कमरेत पार वाकून मला नमस्कार केला. शरयूला तिने नुसती मान हलवली होती.

शरयू गाडीत येऊन बसली. मी म्हटलं, "ओळखते वाटतं तुला?"

"कोण, ती होय? अगं, इथली माणसं अशीच. फार अगत्याची."

"नावाने?"

"पट्टा लाव," शरयू म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली.

मी जन्मभर शाळेत काढला, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते. कॉपी करणारं पोर मला पाठमोरंसुद्धा कळायचं. मानेवरूनच कळतं, ती जरा जास्तच सरळ असते. शरयूची मान त्या दिवशी तशी होती.

खरं तर शंकेची पाल आदल्याच दिवशी चुकचुकली होती. शरयू आणि मी वाईच्या एका शाळेत, एका बाकावर. पुढे ती पुण्याला जाऊन जपानी शिकली आणि ओसाकाला शिकवायला गेली ती तिकडचीच झाली. लग्न केलं नाही. तिचे आईवडील गेले, मागोमाग एकुलता एक भाऊ गेला. इकडे माझे हे गेले. आम्हाला मूलबाळ नव्हतं. तेव्हा आम्ही दोघींनी ठरवलं की म्हातारपण एकत्र काढायचं. मेणवलीच्या रस्त्याला लहानसं घर बांधलं, दोघींच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एक. मी त्यात राहायलाही गेले. शरयू मार्चअखेर निवृत्त होणार आणि मे महिन्यात कायमची परत येणार. "सामान आवरायला ये," ती फोनवर म्हणाली, "थोडं फिरू, मग बरोबरच परत जाऊ." म्हणून मी एप्रिलात एवढा समुद्र ओलांडून गेले. तर तिच्या घरात एक खोकं बांधलेलं नव्हतं. पुस्तकं कपाटात, भांडी फळीवर, भिंतीवरची चित्रंसुद्धा जागच्या जागी!

"हे काय?" मी विचारलं होतं.

"होईल गं. आधी दोन दिवस फिरून येऊ."

ती येणार नव्हती. मला ते तेव्हाच कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. रोज संध्याकाळी एकटीपुरता भात लावायचा मला वीट आला होता. कधी एकदा दोघींचा कुकर लावते असं झालं होतं, आणि ही बाई खोकं बांधत नव्हती.

गाडी डोंगरातून चालली होती. नदीच्या काठाने चेरीची झाडं होती, फुलं गळायला आलेली, पाकळ्या वाऱ्यावर गाडीच्या काचेवर येऊन चिकटत होत्या. एरवी मी हरखून गेले असते. पण माझं लक्ष शरयूच्या हातांकडे. नकाशा नाही, फोन नाही, दोन रस्ते फुटले की बाई बिनदिक्कत एक पकडत होती. एका ठिकाणी तर मुख्य रस्ता सोडून तिने भातखाचरांच्या मधून जाणाऱ्या बोळात गाडी घातली आणि पलीकडे बरोबर पुलावर निघाली.

"पहिल्यांदाच येतेयस ना तू?" मी म्हटलं.

"हो. का?"

"काही नाही. हुशार आहेस."

गावं लागत होती, पण निम्मी घरं बंद. शरयू म्हणाली, "तरुण माणसं शहरात गेली, म्हातारी उरलीत. घरं रिकामी पडलीत, घ्यायलाही कोणी नाही." असं म्हणून तिने एका घरापाशी गाडी हळू केली. समोरच्या शेतातल्या म्हाताऱ्याने हात वर केला. हिनेही केला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"शरे, तू इथे घर घेतलंयस."

"नाही."

"माझ्या गळ्याची शपथ?"

"तुझ्या गळ्याची शपथ, नाही घेतलं." ती माझ्याकडे बघून म्हणाली, आणि ते खरं होतं. ते मला कळतं.

"मग डॉक्टरांनी काही सांगितलंय का?"

"छे गं! ठणठणीत आहे मी."

"कुठल्या बुवाबिवाच्या नादी लागलीस?"

"कुमे, डोंबल तुझं!" ती हसली, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. तिने रेडिओ लावला.

दुपारी नदीकाठच्या बाकावर आम्ही डबा खाल्ला. मी ठेपले आणले होते, तिने ते तोफूचं पुडकं सोडलं. मी म्हटलं, "गाडीच्या मागे ते रेशमी कापडात बांधलेलं खोकं कसलं आहे?"

"कपडे."

"कपडे बॅगेत आहेत. मी बघितलेत."

"कुमे, तू माझी झडती घेतेयस का?"

"घ्यायची वेळ आणतेयस म्हणून घेतेय. सरळ सांग ना काय आहे ते. येणार नाहीयेस का तू?"

 घास हातात धरून शरयू पाण्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "उद्या सांगते. उद्याचा दिवस मला दे. आणि उद्या ती जांभळी इरकल नेस."

"इरकल? डोंगरात?"

"फोटो चांगले येतात."

फोटो म्हणे! जिला आयुष्यात फोटोची आवड नाही, ती मला फोटोसाठी इरकल नेसायला सांगत होती. रात्री मुक्कामाच्या खोलीत मला झोप लागली नाही. शेजारी शरयू जागी होती आणि झोपल्याचं सोंग करत होती. मी पण तेच केलं.

दुसऱ्या दिवशी मी इरकल नेसले. म्हटलं, घोडामैदान जवळच आहे, बघू तरी काय दाखवते.

एक वळण घेतलं आणि सगळा डोंगर पांढरा. बर्फ वाटावं इतका. नासपतीच्या बागा होत्या, बहर ऐन भरात. झाडं आपल्यासारखी वर वाढू दिलेली नव्हती. फांद्या तारांवर आडव्या बांधून डोक्यावर मांडवासारख्या पसरलेल्या होत्या, आणि त्या मांडवाखाली म्हातारीकोतारी माणसं हातात काठ्या घेऊन उभी होती. काठीच्या टोकाला पिसांचा गोंडा. तो गोंडा ती एकेका फुलाला लावत होती.

"हे काय करतायत?" राग विसरून मी विचारलं.

"या नासपतीला स्वतःचा पराग चालत नाही," शरयू म्हणाली. "दुसऱ्या जातीच्या झाडाचा आणून लावावा लागतो. मधमाश्यांवर भरवसा ठेवला तर निम्मी फुलं वाया जातात. म्हणून हाताने, एकेक फूल. हे चार-पाच दिवसच मिळतात. माणसं कमी पडतात म्हणून दरवर्षी ते शहरातून मदतीला बोलावतात."

"तुला बरं माहीत!"

 बागेतून एक माणूस येत होता. साठी ओलांडलेला, उन्हाने रापलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. त्याने मला बघितलं, टॉवेल झटकन काढला आणि वाकला. इतका वेळ वाकून राहिला की मला वाटलं याची कंबर धरली.

"हे निशिओसान," शरयू म्हणाली. "बाग यांची."

निशिओसान काहीतरी म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात गोंड्याची काठी दिली. मी इरकल खोचली आणि लावला पराग. नाही कशाला म्हणायचं? पण डोळे माझे शरयूवर. तिने न विचारता खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. न विचारता डबीतून पराग घेतला. निशिओसाननी एकदा शिडी सरकवली, तर हिने बघायच्या आधीच पाय बाजूला घेतला होता. ही इथे पहिल्यांदा आलेली बाई नव्हती. आणि आजूबाजूच्या सगळ्या म्हाताऱ्या काम टाकून मला न्याहाळत होत्या, मी बघितलं की वाकत होत्या. म्हटलं, मी काय देव आहे की बळीचा बकरा?

मग घरी बोलावणं आलं. बुटकं, स्वच्छ घर. चटयांवर बसायचं. माझे गुडघे आधीच ओळखून कोणीतरी ठेंगणी खुर्ची मांडून ठेवली होती. हे त्यांना कोणी सांगितलं? समोर निशिओसानची आई बसली होती. पिकलं पान, पण डोळे लखलखीत. तिच्या बाजूला निशिओसान, आता हातपाय धुऊन काळ्या कोटात. शेतकरी माणूस भर दुपारी कोट का घालतो?

शरयूने ते खोकं आणून म्हातारीपुढे ठेवलं, कापड सोडलं. आत शाल, नारळ आणि सुकामेवा. दोन्ही हातांनी पुढे सरकवताना ती काहीतरी म्हणाली आणि त्यात मी माझं नाव ऐकलं. कुमुदसान.

"माझ्या नावाने काय खपवतेयस?" मी दातांत म्हटलं.

"गप्प बस ना जरा, पाया पडते तुझ्या."

म्हातारीने स्वतः उठून माझ्यापुढे पांढरा पेला ठेवला. चहा असेल म्हणून बघितलं, तर नुसतं गरम पाणी आणि त्यात एक चेरीचं फूल. पाण्यात ते हळूहळू उमलत होतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. निशिओसानचा तर श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. मला सकाळपासून तहान लागली होती. मी पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. खारट होतं, पण बरं वाटलं.

पेला खाली ठेवला, तर म्हातारीने कपाळ चटईला टेकवलेलं. निशिओसाननीही टेकवलं. आणि शरयू तोंडावर हात धरून ढसाढसा रडत होती.

"अगं काय झालं? विष होतं का त्यात?"

"कुमे, ते चेरीचं पाणी..." तिला बोलता येईना. "इथे शुभकार्य ठरताना चहा देत नाहीत. हे देतात. मुलीकडच्या माणसाने ते घेतलं की..."

"मुलीकडच्या? कोण मुलगी?"

शरयूने माझ्याकडे बघितलं. डोळे लाल, नाक लाल, केस पांढरे. मी निशिओसानच्या कोटाकडे बघितलं, शालीकडे बघितलं. मग मला सगळं एकदम दिसलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"लाज नाही वाटत? या वयात? आणि मला इरकल नेसवून, बकऱ्यासारखं आणून..."

"तूच मोठी आहेस माझी."

"चार महिन्यांनी!"

"तरी मोठीच. आई-बाबा नाहीत, दादा नाही. या आजी म्हणाल्या, मुलीकडचं वडीलधारं माणूस येऊन आमचं घर, आमचा मुलगा बघून जाऊ दे. ते हो म्हणतील तर लग्न, नाहीतर नाही. ही त्यांची रीत आणि आपलीही. मी दोन वर्षं इथे परागाला येतेय, कुमे. त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, कुमुदला विचारल्याशिवाय नाही."

"मग विचारायचं होतंस! फोन होता ना?"

"फोनवर सांगितलं असतं तर तू आली नसतीस. आली असतीस तरी माणूस बघायच्या आधीच नापास केला असतास. तुला मी ओळखत नाही का?"

हे खरं होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला.

"आणि आपलं घर?"

"म्हणून तर रात्रभर झोप नाही मला." तिने डोळे पुसले. "तू नाही म्हण. मी परत येते. मनात काही न ठेवता येते. ते पाणी तुला माहीत नसताना प्यायलीस, हे मी सांगते त्यांना. ती माणसं समजून घेतील."

 मायलेकांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण काय चाललंय ते कळत होतं. म्हातारीने मान वर केली नव्हती. निशिओसान आपल्या हातांकडे बघत होते. बोटांना अजून पिवळा पराग लागलेला होता.

एक शब्द पुरे होता. नाही. शरयू परत आली असती, हेही मला माहीत होतं. दोघींचा कुकर, दोघींचा चहा. मला ते हवं होतं. मी काही संत नाही, मला ते फार हवं होतं. पण आमच्याकडे लेकीच्या सासरचं पाणीसुद्धा पीत नाहीत, आणि मी पेला तळापर्यंत रिकामा करून बसले होते, आता मागे कसं फिरायचं? शिवाय बागेत शिडी सरकली तेव्हा तिचा पाय कसा आपसूक बाजूला गेला, तेही मी बघितलं होतं.

मी पदर सावरून ताठ बसले.

"विचार त्यांना, दारू पितात का?"

"काय?"

"मुलीकडची आहे ना मी? मग विचार. शब्दाला शब्द सांगायचा, मध्ये लबाडी नको."

शरयूने विचारलं. निशिओसान गंभीरपणे म्हणाले, "रोज संध्याकाळी एक पेला." त्यांच्या आईने मान वर न करता दोन बोटं दाखवली.

"घोरतात का?"

"कुमे, मी हे विचारणार नाही!"

"विचार म्हणते ना."

तिने विचारलं, कानापर्यंत लाल होऊन. ते म्हणाले, "गेलेली बायको तसं म्हणायची. मला माहीत नाही, मी झोपलेला असतो."

मला हसू येत होतं, पण मुलीकडच्यांनी इतक्यात हसू नये.

"शरयू रागावली की बोलणं टाकते. तेव्हा तुम्ही काय करता?"

निशिओसाननी विचार केला. "बागेत जातो. संध्याकाळी परत येतो. तोवर तिचा राग गेलेला असतो. मग मी तो विषय काढत नाही."

 जन्मभर मीही हेच करत आले होते. फक्त बागेऐवजी गच्चीवर जायचे, एवढाच फरक.

"शेवटचं," मी म्हटलं. "मुलीला माहेरी कधी पाठवणार?"

शरयू माझ्याकडे बघत राहिली.

"सांग ना त्यांना. माहेरी कधी पाठवणार म्हणावं."

तिने सांगितलं. या वेळी निशिओसान नाही, म्हातारी बोलली. प्रथमच सरळ शरयूकडे बघून. शरयूला ते मराठीत आणताना कष्ट पडत होते.

"आजी म्हणतात... तू तर आम्हाला सांगितलं होतंस की तुला माहेर नाही."

"त्यांना सांग, खोटं सांगितलं," मी म्हटलं. "सांग, आहे. वाईला आहे. फळं उतरली की पाठवा, आणि पुढच्या बहराच्या आधी आम्ही परत पाठवू. किती दिवस ठेवून घ्यायची ते आमचं आम्ही ठरवू."

म्हातारीने ऐकून घेतलं. मग तिने पुन्हा वाकून नमस्कार केला, आणि या वेळी मीही गुडघ्यांची पर्वा न करता खुर्चीवरून उतरले आणि वाकले. शरयूने मागून मला मिठी मारली आणि माझी इरकल रडून ओली केली. मी पण रडले. पाठवणीला रडायचंच असतं.

मे महिन्यात मी एकटीच परत आले. आता त्याला बरीच वर्षं झाली, म्हातारी गेली, निशिओसाननी पेला एकावर आणला म्हणतात, खरं-खोटं देव जाणे. पण परत आल्यावरची पहिली सकाळ मला चांगली आठवते. मी अंगण झाडत होते. शेजारच्या सावंतवहिनी कुंपणापाशी आल्या. आतल्या बंद खोलीकडे बघत म्हणाल्या, "कुमुदताई, तुमची ती मैत्रीण कायमची यायची होती ना? आली नाही?"

माझा केर काढून झाला नव्हता. मी तो संपवला.

"दिवाळीला येईल," मी म्हटलं. "सासरी आहे ती सध्या."